तिकीट क्रमांक एक

ज्युडला कामावर घेतलं तेव्हा त्याच्या नेमणूकपत्रात हुद्दा लिहायचा राहून गेला. ते पत्र मीच टाइप केलं होतं, म्हणून मला माहीत. मी श्रीरंगसरांना विचारलं, "सर, पद काय लिहू?" सर म्हणाले, "लिहू नंतर, आधी त्याला तो प्रिंटर बघू दे." ज्युडने प्रिंटर बघितला. ते 'नंतर' सात वर्षांत काही आलं नाही.

आमचा कारखाना वसई पूर्वेला, वालीवच्या आतल्या अंगाला. औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या मशीनचे सुटे भाग आम्ही बनवतो. माणसं चौतीस. श्रीरंगसर मालक, म्हणजे त्यांच्या वडिलांनी कारखाना काढला आणि हे सांभाळतात. मी संपदा, खरेदी विभाग. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक ट्रे. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते, रविवारी काम चालू. त्यामुळे आमची ख्रिस्ती माणसं रविवारी चर्चमधली पहिली मिस्सा करून तासभर उशिरा येतात. ही सवलत मोठ्या सरांनी तोंडी दिली होती आणि ती कुठेही लिहिलेली नाही. आमच्याकडे महत्त्वाचं असं काहीच लिहिलेलं नसतं.

तर ज्युड. नंदाखालचा. घरामागे केळीची वाडी, घरी आई. वय तेहतीस, पण चालणं साठीतल्या माणसासारखं, सावकाश. काहीही विचारा, आधी "बघतो" म्हणणार. आणि तो खरंच बघायचा, हीच पंचाईत. दुसरा कोणी "बघतो" म्हणाला की आपण निर्धास्त होतो, कारण विषय संपलेला असतो. ज्युडचं बघणं तीन-तीन दिवस चालायचं.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. कोणतं काम कोणाकडे होतं, कधी सुरू झालं, कधी संपलं, सगळं कॉम्प्युटरवर दाखवा, नाहीतर पुढच्या ऑर्डरचं कठीण आहे. श्रीरंगसरांनी ज्युडला बोलावलं. तो म्हणाला, "एक सिस्टीम आहे सर, फुकट मिळते. आपल्या सर्व्हरवर बसवता येईल. ब्राउझरमध्ये उघडते, प्रत्येकाला आपापल्या जागेवरून दिसेल." सरांनी विचारलं, "किती वेळ लागेल?" तो म्हणाला, "बघतो."

सर्व्हर हे नाव ऐकून कुणाला काचेची थंडगार खोली डोळ्यांसमोर येत असेल तर येऊ दे बापडी. आमचा सर्व्हर स्टोअरच्या मागे, ऑइलच्या डब्यांच्या बाजूला होता. त्याच्यावर लिनक्स. त्याला ना चित्रं, ना माउस. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळतात आणि ज्युड हाताची घडी घालून समोर बसलेला. जाता-येता सगळ्यांनी त्याला असं बसलेलं बघितलं आणि सगळ्यांचं एकमत झालं, की हा पोरगा झोपा काढायला जागा मात्र चांगली शोधतो.

अकरा दिवस लागले. मला स्टोअरमध्ये सारखं जावं लागतं, म्हणून मी ते अकराही दिवस बघितलेत. त्या सिस्टीमला एक ठरावीक प्रोग्राम हवा. त्या प्रोग्रामला आणखी चार हवेत. त्यातला एक म्हणतो मी जुन्या लिनक्सवर पाय ठेवणार नाही. लग्नाच्या आमंत्रणासारखंच ते. एकाला बोलवायचं तर त्याच्या मावशीला बोलवा, आणि मावशी आली की आत्या रुसते. ज्युड प्रत्येक आज्ञा आधी शंभर पानी वहीत पेनाने लिहायचा, वाचायचा, मग टाइप करायचा आणि एंटर दाबण्याआधी छातीवर क्रूस काढायचा. मी म्हटलं, "अरे, ज्या संताचं नाव तुला ठेवलंय, तो हताश झालेल्यांचाच ना? मग तुला कशाला एवढी भीती?" तो म्हणाला, "ताई, तो लोकांना मदत करतो. माझं त्यानं काही ठरवलेलं नाही."

नवव्या दिवशी पान उघडलं. त्यावर एकच ओळ. अंतर्गत चूक, क्रमांक पाचशे. मी कपाळाला हात लावला. ज्युडचा चेहरा मात्र खुलला. "आता बोलतंय तरी," म्हणाला. दोन दिवसांनी कळलं, की त्या सिस्टीमला स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नव्हती. ती दिली आणि अकराव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सिस्टीम सुरू झाली. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे जेवत होते.

त्या सिस्टीममध्ये प्रत्येक कामाला तिकीट म्हणतात. ज्याला काम हवं त्याने तिकीट उघडायचं, करणाऱ्याचं नाव घालायचं, तारीख घालायची. तारीख उलटली की तिकीट लाल होतं. काम झालं की बंद. पहिलं तिकीट ज्युडने स्वतःच्या नावावर काढलं. तिकीट क्रमांक एक, 'सिस्टीम बसवणे'.

"बसली ना? मग कर की बंद," मी म्हटलं.

"नाही ताई. रोजचा बॅकअप निघतोय. पण तो परत उतरवून बघितलेला नाही. त्याला वेगळी हार्डडिस्क लागेल. उतरतो की नाही हे बघेपर्यंत काम पुरं नाही."

"डोंबल तुझं पुरं! चालतंय ना?"

"चालतंय. पुरं झालेलं नाही." आणि त्याने मला चिठ्ठी दिली. हार्डडिस्क, एक नग, ६ सप्टेंबर. मी ती ट्रेमध्ये ठेवली.

आता स्टॅनीअंकलबद्दल सांगायला हवं, कारण खरा घोळ तिथे झाला. स्टॅनीअंकल टूलरूमचे फिटर. पाचूबंदरचे कोळी. अडतीस वर्षं याच कारखान्यात, निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. वडील बोटीवर होते, अंकल एकटे जमिनीवर राहिले आणि घरच्यांनी त्यांना त्यासाठी कधी पूर्ण माफ केलं नाही. आमच्या टूलरूममधल्या प्रत्येकाला लेथ मशीन त्यांनी शिकवलीय. कुठलाही पार्ट बसत नसला, मशीन आवाज करायला लागली, ड्रॉइंग कुणाच्या डोक्यात शिरेना, की सगळे त्यांच्याकडे.

आणि जायची एक पद्धत होती. हातात दोन चहा घ्यायचे. एक त्यांच्यापुढे ठेवायचा. आधी बोंबील यंदा कसा आहे ते विचारायचं. मग अडलेला पार्ट टेबलाच्या कडेला ठेवायचा आणि म्हणायचं, "अंकल, जरा नजर टाकता का?" ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "ठेव." बस्स. कधी होईल असं विचारायचं नाही. विचारलं तर ते म्हणायचे, "घाई आसंल तर दुसऱ्या कोनाला दे," आणि दुसरा कोणी नव्हताच.

अशा माणसाच्या नावावर तिकीट काढायचं? वर तारीख घालायची? तारीख उलटली तर त्यांचं नाव लाल अक्षरात सगळ्या कारखान्याला दाखवायचं? आमच्याकडे एकाचाही हात धजला नाही. सीएनसी मशीन चालवणारा संकेत म्हणाला, "ज्यांनी मला मायक्रोमीटर धरायला शिकवला त्यांना मी डेडलाइन देऊ? माझी आई मला घरात घेणार नाही." म्हणून संकेतने तिकीट स्वतःच्या नावावर काढलं, दोन चहा घेऊन अंकलकडे गेला, अंकलनी काम केलं, संकेतने तिकीट बंद केलं. सगळ्यांनी हेच केलं. कोणी कुणाला सांगितलं नाही, तरी सगळ्यांनी एकच केलं. मीसुद्धा. अंकलनी पासवर्डचा कागद डब्याच्या झाकणाखाली ठेवला होता आणि तो तिथेच तेलकट होऊन गेला.

ऑक्टोबरमध्ये ऑर्डर कमी झाल्या. सरांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं आणि म्हणाले, एक माणूस कमी करावा लागणार आहे. "चेहरा बघून मला ठरवता येत नाही. तुम्ही सगळे घरचे आहात. वीस नोव्हेंबरला सिस्टीममधून यादी काढू. ज्याची बंद केलेली कामं सगळ्यात कमी, त्याने समजून घ्यावं."

ज्युड मागे उभा होता. म्हणाला, "सर, ही यादी कामं शोधायला आहे. माणसं काढायला नाही."

"तूच बसवलीस ना?" सर म्हणाले.

सर वाईट नाहीत. भित्रे आहेत. भित्र्या माणसाच्या हातात आकडा आला की त्याला वाटतं आपण न्यायी झालो.

वीस तारखेला यादी नोटीस बोर्डावर लागली. मोठ्या आकड्यापासून शून्यापर्यंत, आकडा सारखा असेल तर नावाच्या अक्षराप्रमाणे. सगळ्यांनी सरळ शेवटची ओळ बघितली. स्टॅनी, शून्य.

अंकल आले, चष्मा वर केला, वाचलं. "बरोबर हाय," म्हणाले. "मी कंदी काय लिवलंच नाय, तर येनार कुटून?" मग ते जागेवर गेले आणि आपला मायक्रोमीटर पुसायला लागले. पुसून झाला, डबीत ठेवला. मग दुसरा काढला. ते सामान आवरतायत हे माझ्या लक्षात आलं. अडतीस वर्षं! त्या माणसाने निरोपाच्या दिवसासाठी पांढरा शर्ट शिवायला टाकलाय, हे आख्ख्या टूलरूमला ठाऊक होतं. अकरा महिने आधी शिवायला टाकला होता, शिंपी उशीर करतो म्हणून.

मी तशीच तरातरा ज्युडकडे गेले. "हे बघ, तू सर्व्हरचा राजा आहेस. तुला आत शिरून काहीही लिहिता येतं. अंकलच्या नावावर वीस-तीस टाक. आत्ताच्या आत्ता."

"येतं टाकता," तो म्हणाला. "टाकणार नाही."

"का? तुझा हात झिजतो का?"

"आतून हात घातला की मग ती यादी राहत नाही, ताई. पण जे बंद केलंय ते परत उघडता येतं. ज्याने खोटं नाव घातलं, त्याने खरं घालावं. ते मी दाखवतो."

मी त्याला नको-नको ते बोलले. लिनक्सचा पुजारी म्हटलं. दगड म्हटलं. त्याने ऐकून घेतलं आणि वहीत दोन ओळी लिहिल्या. तिकीट परत कसं उघडायचं, त्या ओळी.

त्यानंतरच्या रविवारी सगळ्यांसमोर सुरुवात मीच केली, कारण बोललेही मीच होते. तिकीट एक्केचाळीस, 'स्टोअरचं कुलूप दुरुस्त करणे', करणार संपदा. हसू नका. मी उघडलं आणि लिहिलं, 'हे काम मी केलेलं नाही. स्टॅनी यांनी केलं. मी चहा आणला.' पाठवलं. माझ्या नावावरचा एक आकडा कमी झाला, त्यांच्या नावावर एक वाढला.

मग संकेत बसला. त्याचं वय सव्वीस, नुकतं लग्न झालेलं, विरारला भाड्याची खोली. बत्तीस तिकिटं होती त्याच्या नावावर. एकेक उघडत गेला. 'हे मी केलं नाही. अंकलनी केलं.' तेवीस वेळा. शेवटी त्याच्याकडे नऊ उरली. मी म्हटलं, "अरे, बास कर, तूच खाली जाशील." तो म्हणाला, "मॅडम, नऊच केलीत मी." मला त्या पोराला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारखाना आहे.

दिवसभर रांग लागली. ज्युड मिस्सा करून आला तो पडद्याशेजारी स्टूल घेऊन बसला आणि ज्याला जमत नाही त्याला दाखवत राहिला. इथे दाबा. इथे नाव. आता पाठवा. जेवायलाही उठला नाही. संध्याकाळपर्यंत अंकलच्या नावावर एकसष्ट कामं आली. अंकल सगळा वेळ त्यांच्या जागेवर पाठ करून उभे होते. पाठ केली म्हणून काय, खांदे दिसतातच.

सोमवारी नवी यादी लागली. स्टॅनी तिसरे. टूलरूममध्ये कोणीतरी शिट्टी मारली. संकेत नऊ, पण त्याच्या खाली अजून एक ओळ होती.

ज्युड. उघडं एक, बंद शून्य.

पहिली यादी शुक्रवार धरून पाच दिवस बोर्डावर लटकत होती. शेवटची ओळ प्रत्येकाने वाचली. शेवटून दुसरी, ज्युडची, तीही शून्याचीच, एकानेही वाचली नाही. म्हणजे एकाने वाचली होती. ज्याने यादी छापून बोर्डावर लावली त्याने.

असं कसं झालं म्हणाल, तर सोपं आहे. त्याच्यासाठी तिकीट काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही ओरडायचो, "ज्युड, प्रिंटर!" तो यायचा. "ज्युड, नेट गेलं!" तो यायचा. आणि सर्व्हर चालू असतो तेव्हा त्याचं काम दिसत नाही. ते दिसलं असतं तर बंद पडल्यावर, आणि त्याने तो बंद पडू दिला नाही.

मी केबिनमध्ये गेले. सर यादीकडेच बघत बसले होते. "मॅडम, मी यादीप्रमाणे म्हटलं होतं. आता त्याच्यासाठी बदललं तर परत चेहरा बघूनच झालं ना?" मी बाहेर येऊन म्हटलं, आपण सगळे त्याच्या नावाने लिहू, सात वर्षांचे प्रिंटर लिहू. ज्युडच नाही म्हणाला. "होतं ते दुरुस्त करता येतं ताई. नव्हतंच, ते आज मागची तारीख घालून लिहिलं तर खोटं."

"तुला माहीत होतं ना रे? रविवारी स्टुलावर बसलास तेव्हा?"

"हो."

"आणि तरी बसलास?"

"अंकलचं खरं होतं," तो म्हणाला. जसं काही मी वेळ विचारली होती.

तीस नोव्हेंबर त्याचा शेवटचा दिवस. त्याने शंभर पानी वही माझ्या ताब्यात दिली. सगळे पासवर्ड दिले. मग नियम म्हणून स्वतःचं खातं स्वतःच बंद केलं. शेवटी राहिलेल्या कामांचा एक कागद दिला. त्यावर एकच काम होतं.

'बॅकअप उतरवून बघणे. हार्डडिस्क नाही. मागणी ६ सप्टेंबर, संपदाताई.'

मी ट्रे ओढला. वर कॅटलॉग, त्याखाली कुरिअरच्या पावत्या, त्याखाली एका सप्लायरने दिलेलं पुढच्या वर्षीचं कॅलेंडर, आणि तळाला ती चिठ्ठी. त्याचं सुबक अक्षर. एक नग. ती आली असती तर त्याने बॅकअप उतरवून बघितला असता, तिकीट क्रमांक एक बंद केलं असतं, आणि त्याच्या नावापुढे शून्य नसतं. एक हाही सगळ्यात कमीच, पण सरांना मग दुसऱ्यांदा विचार करावा लागला असता.

"अरे मेल्या!" मी ओरडलेच. "पंच्याऐंशी दिवस! आठवण नाही का करून द्यायची? माझ्या नावावर तिकीट टाकायचं, तारीख घालायची! सिस्टीम तुझी, तुला कोणी अडवलं होतं?"

तो ओशाळला. चूक त्याचीच असल्यासारखा.

"तुम्हाला तारीख कशी लावायची, ताई?" म्हणाला.

माझं वय शेहेचाळीस. तोवर मला वाटत होतं, की मान देऊन ज्यांना बुडवतात ती माणसं म्हणजे स्टॅनीअंकल. मीही त्यांच्यातलीच निघाले. मी स्टोअरमध्ये गेले, ऑइलच्या डब्यांशेजारी उभी राहिले आणि रडले. लाज वाटली म्हणून रडले, दुसरं काही नाही. तो सर्व्हर बाजूला घूं-घूं करत होता.

मग जागेवर येऊन मी तिकीट उघडलं. 'हार्डडिस्क एक नग आणणे. करणार संपदा. तारीख ६ सप्टेंबर.' पाठवल्याबरोबर ते लाल झालं. त्याचा छापील कागद घेऊन सरांकडे गेले आणि सांगितलं, "सर, त्याचं शून्य माझं आहे." सरांनी तो कागद वाचला. "त्याला काढल्याचं पत्र तर गेलं, मॅडम," म्हणाले, आणि डिस्कच्या मागणीवर न विचारता सही केली. डिस्क चार दिवसांत आली. चार दिवसांचंच काम होतं ते.

पुढच्या रविवारी मी फोन केला आणि ज्युड आला. मिस्सेचा इस्त्रीचा शर्ट, काळे बूट, हातात आईने दिलेली केळी. दोन तास बसला. बॅकअप नवी डिस्क लावलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवला, तिकीट एकपासून शेवटच्यापर्यंत वाचून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. मध्ये स्टॅनीअंकल आले. हातात दोन चहा. एक त्याच्यापुढे ठेवला आणि उभे राहिले. वाडीत यंदा केळी कशी आहेत, असं विचारलं.

"आता झालं," ज्युड म्हणाला. "बंद करा, ताई."

मी बंद केलं. त्याच्या नावापुढे एक आला. तो निघताना म्हणाला, "तुमचं पण बंद करून टाका. लाल दिसतंय."

ते मी बंद केलेलं नाही. दर महिन्याला यादी निघते, आणि तिच्यात माझं एक तिकीट लाल असतं. दर महिन्याला सर विचारतात, "मॅडम, ती डिस्क आली ना?" मी सांगते, आली. "मग बंद का करत नाही?"

मी सांगते, काम पुरं झालेलं नाही.